पैसे आले की मेसेज आला? होम-स्टे चालवणाऱ्यांची फसवणूक नेमकी कशी होते

चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझ्या आतेभावाचे शेत आहे. चंडिकादेवीच्या दर्शनाला येणारे, गौताळा अभयारण्यात भटकणारे आणि पितळखोऱ्याची लेणी पाहायला निघालेले लोक मुक्कामाची सोय विचारत शेतापर्यंत येऊ लागले, तेव्हा त्याने शेतातल्या घराला तीन खोल्या जोडल्या, पाण्याची टाकी वर चढवली आणि स्वतःचा फोन नंबर गूगल मॅपवर टाकला. हिवाळ्यात त्याच्याकडे भरीत पार्ट्यांची गर्दी असते. मागच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी, अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणे चालू असताना, त्याला फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आपण लष्करात सुभेदार असल्याचे सांगत होता आणि बारा जणांसाठी दोन रात्रींचे बुकिंग मागत होता. दराबाबत त्याने एका शब्दानेही घासाघीस केली नाही. अॅडव्हान्स लगेच पाठवतो म्हणाला, आणि दहा मिनिटांत भावाच्या फोनवर नऊ हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज वाजला.

वहिनीने चुलीजवळूनच अहिराणीत विचारले, "पैसा उनात का?" म्हणजे, पैसे आले का? भाऊ म्हणाला, "मेसेज उना."

त्या संध्याकाळी त्याच्या खात्यातून अठरा हजार रुपये गेले. वहिनीचा प्रश्न आणि भावाचे उत्तर यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरातच ही सगळी गुन्हेगारी चालते. म्हणून ती सुरुवातीपासून समजून घेऊ.

बुकिंग म्हणजे नेमके काय?

खोली भाड्याने देण्याच्या धंद्यात दोन अनोळखी माणसे एकमेकांवर विश्वास टाकतात. पाहुण्याला वाटते की पैसे दिल्यावर खोली मिळेल. यजमानाला वाटते की खोली अडवून ठेवली तर पाहुणा येईल. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नसते, त्यामुळे मध्ये काहीतरी पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे आगाऊ रक्कम. पूर्वी याला आपण इसार म्हणत असू आणि तो चार लोकांसमोर हातावर ठेवला जाई. आता तो फोनवरून येतो, आणि चार लोक मधून निघून गेले आहेत.

पैसे दोन वाटांनी येतात. पहिली वाट एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमसारख्या मंचाची. बाजार समितीतला अडत्या जसा शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये उभा राहतो, तसा हा मंच दोघांमध्ये उभा असतो. एअरबीएनबी पाहुण्याचे पैसे आधी स्वतःकडे घेते आणि पाहुणा दाखल झाल्यानंतर साधारण २४ तासांनी यजमानाला सोडते. या सेवेसाठी अडत कापली जाते, आणि ती पुष्कळांना खटकते. दुसरी वाट थेट फोनची: नंबर मॅपवर सापडतो, बोलणे व्हॉट्सअॅपवर होते आणि पैसे यूपीआयने येतात. यूपीआय ही भारतीय राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेली, एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पोचवणारी यंत्रणा. खानदेशातल्या लहान यजमानांचा बहुतेक धंदा या दुसऱ्या वाटेनेच चालतो, मग ते तोरणमाळला असोत, पालला असोत, की दत्तजयंतीच्या घोडेबाजारात सारंगखेड्याला येणाऱ्यांना घरातली खोली देणारे असोत. या वाटेवर अडत नाही, पण अडत्याही नाही.

काटा कोणाचा?

कापूस विकणारा शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्यावर डोळे झाकून भरवसा ठेवत नाही. गाडी आधी ओळखीच्या वजनकाट्यावर घालतो, पावती खिशात ठेवतो आणि मग व्यापाऱ्याकडे जातो. जळगावच्या सराफ बाजारात कोणी सोने विकायला आले तर ते कसाला लावून पाहिले जाते, आणि कसोटीचा दगड सराफाचा असतो. विकणाऱ्याने सोबत आणलेला दगड कोणी वापरत नाही.

होम-स्टेच्या धंद्यातले जवळजवळ सगळे गंडे याच एका जागी बसतात. पैसे आल्याचा पुरावा, ओळखीचा पुरावा, तक्रार आल्याचा पुरावा, तो देणारा माणूसच तयार करून पाठवतो आणि आपण त्याच्याच काट्यावरचे वजन मान्य करतो. म्हणून पुढचा प्रत्येक प्रकार वाचताना एकच प्रश्न मनात धरावा: हा पुरावा माझ्यापर्यंत कोणाच्या हातातून आला?

सुभेदाराची गोष्ट, सावकाश

आता आतेभावाच्या त्या दहा मिनिटांकडे परत जाऊ, कारण हा प्रकार देशभर असाच चालतो आणि त्याची प्रत्येक पायरी विचारपूर्वक रचलेली असते.

लष्कराचे नाव घेतले जाते, कारण त्या नावाला आपल्याकडे मान आहे. गावागावातली मुले सैन्यात आहेत आणि सैनिकावर शंका घेणे लोकांना अशिष्टपणाचे वाटते. सोबत ओळखपत्राचा फोटोही येतो. तो बनावट असतो किंवा दुसऱ्याच कोणाचा तरी चोरलेला. त्यानंतर सांगितले जाते की आमचे पैसे लष्करी खात्यातून येतात आणि त्याचे नियम वेगळे आहेत: आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, म्हणजे तुमचे खाते तपासले जाईल आणि दुप्पट परत येतील. भावाने पाच रुपये पाठवले आणि खरोखरच दहा रुपये आले. पुढचा सगळा विश्वास या दहा रुपयांनी विकत घेतला. गळाला लावलेल्या गांडुळाइतकीच त्या माणसाची गुंतवणूक होती.

त्यानंतर व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड आला. "हा स्कॅन करा, पिन टाका, नऊ हजार जमा होतील." भावाने स्कॅन केला, पिन टाकला, आणि नऊ हजार रुपये गेले. ते गेल्याचे त्याच्या लक्षात येण्याआधीच नऊ हजार जमा झाल्याचा खोटा मेसेज येऊन पडला. फोन चालूच होता, माणूस बोलतच होता, आणि "दुसरा हप्ता पण घेऊन टाका" म्हणून त्याने दुसरा कोड पाठवला.

येथे पक्की समजून घ्यायची गोष्ट ही की पैसे घेणाऱ्याला पिन कधीही लागत नाही. पिन म्हणजे कपाटाची किल्ली. कोणी तुम्हाला पैसे द्यायला आले तर ते तुमच्या हातावर ठेवतील. "पैसे देतो, आधी कपाट उघडा" असे कोणी म्हणत नाही. क्यूआर कोड हा तर नुसता पत्ता आहे, ज्याच्याकडे पैसे जायचे त्याचा. समोरच्याने पाठवलेला कोड तुम्ही स्कॅन केला तर पैसे त्याच्याच पत्त्यावर जाणार. पैसे तुम्हाला घ्यायचे असतील तर कोड तुमचा हवा आणि स्कॅन त्याने करायला हवा. लष्करासाठी, सरकारी खात्यासाठी किंवा परदेशातून येणाऱ्या पाहुण्यासाठी याला कोणताही अपवाद नाही.

पूर्वी कोडऐवजी पैशांची मागणी पाठवण्याची युक्तीही चालत असे: फोनवर विनंती येई आणि घाईत माणूस "मंजूर" दाबून पिन टाकी. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक दार लागले, पण क्यूआर कोडचे दार उघडेच आहे, कारण त्यावरच सगळा बाजार चालतो.

"चुकून जास्त पैसे आले"

दुसरा प्रकार उलट्या बाजूने येतो. पाहुणा अडीच हजार पाठवायचे कबूल करतो आणि पंचवीस हजार जमा झाल्याचा मेसेज येतो. लगेच फोन येतो, आवाजात रडू असते: एक शून्य जास्त पडले, आई दवाखान्यात आहे, वरचे साडेबावीस हजार ताबडतोब परत करा. प्रामाणिक माणूस येथे पटकन फसतो, कारण दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहिला ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. प्रत्यक्षात खात्यात एक रुपयाही आलेला नसतो.

बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो इंग्रजी अक्षरांच्या शीर्षकाने येतो, आणि २०२५ पासून या शीर्षकाच्या शेवटी एक अक्षरही जोडलेले असते: व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, जाहिरातीसाठी पी आणि सरकारी संदेशासाठी जी. ही माहिती उपयोगाची आहे, पण माझे मत असे की मेसेजची अक्षरे तपासत बसण्यापेक्षा मेसेजकडे पुरावा म्हणून पाहणेच सोडावे. मेसेज ही बातमी आहे. खाते ही वस्तुस्थिती. बँकेचे अॅप उघडावे, शिल्लक पाहावी, मागच्या पाच नोंदी पाहाव्यात. स्क्रीनशॉटची तर गोष्टच नको. पैसे भरल्याचे हुबेहूब चित्र तयार करून देणारी बनावट अॅप आहेत, आणि काउंटरवर उभा राहून असे चित्र दाखवणारा पाहुणा फोनवरच्या भामट्याइतकाच धोक्याचा असतो. दुकानांत जमा रक्कम मोठ्याने सांगणारी जी पेटी असते, ती अशा वेळी कामाची आहे, कारण ती तुमच्या खात्याशी जोडलेली असते आणि तिचा आवाज पाहुण्याच्या हातात नसतो.

पैसे खरेच आले, तरीही अडचण

हा भाग फार कमी लोकांना माहीत आहे आणि सर्वांत त्रासदायकही हाच आहे, म्हणून येथे थोडा वेळ थांबू.

समजा, एका माणसाने चाळीस हजारांचे बुकिंग केले आणि तुमच्या खात्यात खरोखर चाळीस हजार जमा झाले. तुम्ही अॅपमध्ये पाहून खात्री केली. दुसऱ्या दिवशी त्याने बुकिंग रद्द केले आणि सांगितले की कापून घ्यायचे ते कापा, उरलेले माझ्या मेहुण्याच्या नंबरवर पाठवा. तुम्ही दोन हजार कापून अडतीस हजार त्या नंबरवर पाठवले. दोन हजारांची फुकटची कमाई झाली असे वाटते. आठवड्याने बँकेचे कार्ड चालेनासे होते, आणि शाखेत गेल्यावर कळते की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून तुमच्या खात्यातली रक्कम रोखून ठेवली आहे.

घडलेले असते ते असे: ते चाळीस हजार तिसऱ्याच कोणाच्या तरी खात्यातून चोरलेले होते. चोराला ते थेट स्वतःच्या खात्यात घ्यायचे नव्हते, म्हणून त्याने ते तुमच्या खात्यातून फिरवले. चोरीचा बैल चार बाजारांतून फिरवला की मूळ मालकाला शोध लागत नाही, तसेच हे. अशा मधल्या खात्याला सायबर पोलिसांच्या भाषेत "म्यूल" खाते म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, ओझे वाहणारे जनावर. तक्रारदाराने तक्रार नोंदवली की पैसे ज्या ज्या खात्यातून गेले त्या साखळीतल्या प्रत्येक बँकेला सूचना जाते आणि वादातली रक्कम अडवली जाते. कधी तेवढीच रक्कम अडते, तर कधी अख्खे खाते. तुमचा गुन्ह्याशी संबंध नाही हे तुम्हाला कागदांनी दाखवावे लागते, आणि तोवर दुधाचे, गॅसचे, मजुरीचे पैसे अडकून पडतात.

यावर उपाय सोपा आहे, पण तो भिडस्त माणसाला जड जातो. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करायचे. मेहुणा, मित्र, ऑफिस, कोणाचाही दुसरा नंबर घ्यायचा नाही. पाहुणा म्हणाला की ते खाते बंद पडले आहे, तर त्याला बँकेत लेखी अर्ज करायला सांगावे. दुसरे, धंद्यासाठी वेगळे खाते उघडावे आणि त्यात शिल्लक साचू देऊ नये, म्हणजे ते अडकले तरी घरखर्च आणि पीककर्जाचा हप्ता सुरक्षित राहतो. तिसरे, प्रत्येक बुकिंगचे बोलणे, पावती आणि पाहुण्याचे नाव यांची नोंद ठेवावी. खाते अडले तर शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव मागून घ्यावे, आणि याच नोंदी त्या ठाण्याला पाठवाव्यात. "हे पैसे खोलीच्या भाड्याचे होते" असे नुसते सांगणे वेगळे आणि तारीखवार वही समोर ठेवणे वेगळे.

तुमच्या खोल्या दुसराच विकतो तेव्हा

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांना बनावट बुकिंगपासून सावध करणारी सूचना काढली. बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरची खोटी पाने आणि शोधयंत्रावरच्या पैसे देऊन लावलेल्या जाहिराती ही भामट्यांची साधने असल्याचे त्यात म्हटले होते. पैसे पाहुण्याचे जातात हे खरे, पण रात्री दहा वाजता मुलाबाळांसह गाडी तुमच्या दारात येऊन उभी राहते आणि "आम्ही तर पैसे भरलेत" असे म्हणते, तेव्हा तोंड तुम्हाला द्यावे लागते आणि वाईट अभिप्रायही तुमच्याच नावावर पडतो.

गूगल मॅपवर कोणीही वाचक एखाद्या ठिकाणाच्या माहितीत बदल सुचवू शकतो, आणि फोन नंबर बदलून टाकण्याचे प्रकार याच सोयीतून झाले आहेत. म्हणून आपल्या ठिकाणाची मालकी गूगलकडे नोंदवून ठेवावी आणि दर आठवड्याला, सोमवारी म्हणा, दुसऱ्याच्या फोनवरून आपले नाव शोधून नंबर आपलाच आहे ना ते पाहावे. खोल्यांच्या फोटोंवर कोपऱ्यात नाही तर मधोमध नाव आणि नंबर फिकट अक्षरांत छापावा, कारण कोपरा कापायला वेळ लागत नाही. बनावट पान सापडले तर ते काढण्याची तक्रार त्या कंपनीकडे करावी आणि पोलिसांकडेही नोंदवावी. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, जे १ जुलै २०२४ पूर्वी आपण ४२० म्हणून ओळखत होतो.

फोनवरच ताबा मिळवणारे

काही भामटे पैसे मागतच नाहीत. त्यांना तुमचा फोन हवा असतो. "बारा पाहुण्यांची यादी पाठवली आहे" म्हणून व्हॉट्सअॅपवर एक फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असे असते. यादी कधीही एपीके नसते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचे अॅप, आणि ते बसले की तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ लागतात. लग्नपत्रिका आणि वाहतूक दंडाच्या नावाने फिरणाऱ्या फाईलींचा हाच मामला आहे.

मंचांवर नोंदणी असलेल्यांना आणखी एक प्रकार ठाऊक हवा. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सावध केले होते की बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेल व्यावसायिकांना ईमेल जात आहेत: पाहुण्याने वाईट तक्रार केली आहे, खाते पडताळा, वगैरे. दुव्यावर गेले की "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" असे पान उघडते आणि संगणकावर काही कळा दाबून एक ओळ चिकटवायला सांगते. ती ओळ म्हणजेच विषारी प्रोग्राम बसवण्याचा हुकूम असतो. येथेही पुरावा त्यांच्याच हातातून आलेला आहे. तक्रार खरी असेल तर मंचाचे अॅप स्वतः उघडल्यावर तेथेही ती दिसेलच.

व्हॉट्सअॅप खाते गेले तर नुकसान दुहेरी, कारण मग तुमच्याच नंबरवरून तुमच्याच जुन्या पाहुण्यांकडे पैसे मागितले जातात. सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की सहा आकडी पिनशिवाय ते खाते दुसऱ्या फोनवर उघडत नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे.

"एवढी चौकशी केली तर पाहुणा निघून जाईल"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, नाव नंतर विचारतात. पण फोनवरचा माणूस दारी आलेला नसतो. त्याला फक्त एवढे सांगायचे असते: "हा आमचा कोड. तुम्ही स्कॅन करा. आमच्या खात्यात पैसे दिसले की खोली तुमची." खरा पाहुणा याला कधी नाही म्हणत नाही, कारण भाजीच्या गाडीपासून पेट्रोल पंपापर्यंत तो रोज हेच करत असतो. जो अडून बसतो, ज्याला आपलाच कोड तुमच्या गळ्यात मारायचा असतो, तो निघून गेला तर काहीच गेले नाही.

ओळखपत्राचेही तसेच. प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवावी. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. आधार कार्डाची प्रत हवी असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी झाकलेली प्रत मागावी, आणि कार्ड खरे की खोटे ते त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपने तपासून पाहावे. छापलेले नाव आणि फोटो कोणीही बदलू शकतो.

"आमच्या खेड्यात कोण येतो फसवायला?"

येत कोणीच नाही. मॅपवरच्या नंबरांची यादी घेऊन बसलेला माणूस दिवसाकाठी शेकडो फोन लावतो. त्यातला एक लागला तरी त्याचे भागते. पाटणादेवी कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. भावाने त्या सुभेदाराला "कोणत्या बाजूने येणार, कन्नड घाटातून की चाळीसगावकडून?" एवढे विचारले असते, तर उत्तर देताना तो अडखळला असता असे मला वाटते. अर्थात, हा काही खात्रीचा उपाय नव्हे. मॅप त्याच्यासमोरही उघडा असतोच.

"बँक पैसे परत देईलच की"

येथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी तुमच्या खात्यातून परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तुमच्यावर भार येत नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. क्यूआर कोड स्कॅन करून स्वतःच्या हाताने पिन टाकला, की बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार तुम्हीच केलेला असतो. भावाच्या शाखेने त्याला हेच सांगितले, आणि नियमाला धरून ते चुकीचे नव्हते.

फसलो हे कळले, त्या क्षणापासून

फसवणुकीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत; तेथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून रोख होऊन निघतात. ते साखळीत फिरत असतात तेवढाच वेळ आपला. म्हणून सर्वांत आधी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, मग आपल्या बँकेला कळवावे आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. नंतर गूगलवर "पैसे परत मिळवण्यासाठी नंबर" शोधत बसू नये, कारण तेथे दुसरे भामटे बसलेले असतात. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, समोरच्याचा नंबर आणि यूपीआय पत्ता हे हाताशी ठेवावे. चॅट लाजेखातर पुसू नये. तक्रारीचा पोच क्रमांक वहीत लिहावा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात. पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन आला, असे झाले तर तो संचार साथी संकेतस्थळावरच्या "चक्षू" या सोयीत नोंदवता येतो.

भाऊ त्या रात्री कोणाशी बोललाच नाही. चार खाटांवर पाहुणे जेवत होते, भरताबरोबर कळण्याची भाकरी वाढायची होती, आणि शिकलेल्या माणसाने असे फसावे याची त्याला लाज वाटत होती. १९३० वर त्याने फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, वहिनीने फोन हातात देऊन समोर बसवले तेव्हा. अठरा हजारांपैकी अकराशे रुपये साखळीतल्या एका खात्यात अडकलेले सापडले, आणि ते परत मिळण्यासाठी केलेला त्याचा अर्ज अजून चालू आहे. बँकेचे अॅप आता वहिनीच्या फोनमध्ये आहे, आणि ती "उनात" म्हणेपर्यंत बुकिंगच्या वहीत नाव चढत नाही.